विद्युत्कणांची रांग

पाणी गोठून बर्फ होते, हे अवस्थांतर डोळ्यांना दिसते. पण पदार्थ घनच राहावा, त्याचे बाह्यरूपही पालटू नये, आणि अंतरंगातील विद्युत्कण मात्र जणू गोठून जावेत, असेही एक अवस्थांतर निसर्गात घडते. वीज सहज वाहून नेणारा पदार्थ एका ठराविक तापमानाखाली तिची वाट अडवू लागतो. या कोड्याचा इतिहास म्हणजे एका तर्काच्या दीर्घ परीक्षेचा इतिहास होय.

त्याचा आरंभ लोहचुंबक पाषाणापासून होतो. या पाषाणातील लोहाच्या काही अणूंनी दोन, तर काहींनी तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात. उणे दीडशे अंश सेंटिग्रेडच्या सुमारास त्याची वीजवाहकता एकाएकी सुमारे शंभरपटीने घटते. हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील एव्हर्ट फेरवे यांनी १९३९ साली त्याची मीमांसा केली. उष्णतेत इलेक्ट्रॉन एका अणूवरून दुसऱ्यावर उड्या घेतात. शीत वाढले की ते आपापल्या जागा धरून नियमित रांगा लावतात. तर्क सुबोध होता. परंतु त्या रांगा प्रत्यक्ष कशा आहेत, हे दाखविणे दुर्घट होते.

पुढचा अध्याय थरांच्या संयुगांत घडला. टँटलमचा एक पापुद्रा गंधकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये बसतो, आणि अशा थरांवर थर रचले जाऊन स्फटिक बनतो. अभ्रकाप्रमाणे त्याचे पदर सोडविता येतात. इलेक्ट्रॉनांचा संचार मुख्यतः थराच्या पातळीतच होतो. १९७४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विल्सन, डी साल्व्हो आणि महाजन या तिघांनी अशा स्फटिकांवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा चित्रात अपेक्षित ठिपक्यांभोवती आणखी फिकट ठिपके उमटलेले आढळले. असे ठिपके दिसताच अशुद्ध द्रव्याचा संशय यावा, हे साहजिकच. त्यांनी मात्र त्यांत विद्युत्भाराची लाट ओळखली. कोठे भार दाट, कोठे विरळ, आणि त्याला अनुसरून अणूही जागेवरून किंचित सरकलेले!

ही लाट आणि अणूंची जाळी यांचे माप नेहमी जुळतेच असे नाही. वडोदऱ्याच्या दक्षिणेस मियागाम-करजणपासून डभोईपर्यंत १८६२ साली गायकवाडी राज्यात अरुंद रूळमार्ग घातला गेला. आरंभी त्यावरील गाड्या बैल ओढीत. अशा मार्गावर स्लीपरवरून चालणाऱ्याचे पाऊल कधी स्लीपरवर पडते, कधी खडीत. अखेर तो आपले पाऊल स्लीपरच्या अंतराशी जुळवून घेतो. टँटलमच्या संयुगात नेमके हेच घडते. सुमारे ८० अंशांच्या वर लाट जाळीशी बेबनाव राखून असते; त्याखाली ती बरीचशी जुळते; आणि उणे ९० अंशांच्या आसपास ती पुरती जखडली जाते. तेव्हा एका अणूकडे बारा अणू ओढले जाऊन तेरा अणूंची षट्कोनी तारका बनते आणि विद्युत्‌रोध सुमारे दहापटीने उसळतो. प्रत्येक तारकेत एकेक इलेक्ट्रॉन परस्परांच्या प्रतिकर्षणाने अडकून पडतो, असे स्पष्टीकरण फाझेकाश व तोसाती यांनी १९७९ साली दिले.

भारतातही या संयुगांचा अभ्यास रुजला. वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात मॉलिब्डेनम व टंग्स्टन यांच्या सेलेनियमयुक्त थरांचे स्फटिक बाष्पाच्या मार्गाने वाढविण्यात आले. २०१४ साली बंगळूर येथे शर्मिला शिरोडकर आणि मुंबईच्या आय.आय.टी.चे पदवीधर उमेश वाघमारे यांनी मॉलिब्डेनम सल्फाइडच्या एका विशिष्ट रचनेच्या एकेरी थराविषयी गणिताने दाखविले, की त्यातील धातूचे अणू तिघा-तिघांनी एकत्र येतात, थर धातूचा गुण सोडतो आणि त्याच्या ठायी स्थायी विद्युत्‌ध्रुवता उत्पन्न होते. अशी ध्रुवता उलटविता येते. म्हणूनच स्मृती साठविणाऱ्या अतिसूक्ष्म उपकरणांच्या दृष्टीने तिचे मोल आहे.

मूळ पाषाणाचा निवाडा त्यापूर्वी दोनच वर्षे झाला होता. एडिंबरोचे सेन व ॲटफील्ड आणि त्यांचे सहकारी राइट यांनी २०१२ साली क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. विद्युत्भाराची रांग खरोखरच होती; मात्र इलेक्ट्रॉन एकेका अणूवर न बसता तीन-तीन अणूंवर पसरलेले होते. फेरवे यांचा तर्क गाभ्यात खरा ठरला, तपशिलात दुरुस्त झाला, आणि त्यासाठी त्र्याहत्तर वर्षे लागली. शास्त्रात सिद्धान्ताचा मान राखावयाचा तो असा, अखेरपर्यंत त्याची परीक्षा घेऊनच.