आढाव्यांचे कूळ

आपल्याकडच्या पीएच.डी.च्या प्रबंधात ‘संबंधित साहित्याचा आढावा’ नावाचे एक प्रकरण असतेच. अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले, अशी ओळीने हजेरी लागली की बहुतेक गाईड समाधानी. आढाव्याचे कूळ मात्र फार शिस्तीचे आहे.

जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने 1753 मध्ये स्कर्व्ही या रोगावर ग्रंथ लिहिला, तेव्हा संत्र्या-लिंबांच्या स्वतःच्या प्रयोगासोबत आधीच्या लेखकांचीही झाडाझडती घेतली. आकड्यांची बेरीज आली त्यानंतर दीडशे वर्षांनी. 1904 मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजांमधली विषमज्वराच्या लसीची आकडेवारी एकत्र मांडली. ठिकठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळेनात, म्हणून आधी नीट प्रयोग करा, असा सल्ला त्यांनी दिला. अशा बेरजेला ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ हे नाव जीन ग्लास यांनी 1976 मध्ये दिले.

पण बेरजेत काय धरायचे आणि काय सोडायचे? 1987 मध्ये सिंथिया मुलरो यांनी नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले 50 आढावा-लेख तपासले. माहिती कशी शोधली, हे स्पष्ट सांगणारा लेख निघाला एक! बाकी सगळा मर्जीचा कारभार.

याची किंमत कोणी मोजली, ते वैद्यकीय आढावे करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात दिसते. अपुऱ्या दिवसांत बाळंत होण्याची भीती असलेल्या आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले, तर बाळ दगावण्याचा धोका घटतो, हे न्यूझीलंडमधल्या चाचणीने 1972 मध्येच दाखवले होते. पुढे आणखी चाचण्या झाल्या, पण 1989 पर्यंत त्या पद्धतशीरपणे एकत्र मांडल्याच गेल्या नाहीत. साध्या, स्वस्त उपायाविना बाळे जात राहिली. बोधचिन्हातली प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक चाचणी आणि खालचा शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन म्हणजे त्या सर्वांचा एकत्रित निष्कर्ष. संस्था स्थापन झाली 1993 मध्ये.

मग शाखा फुटत गेल्या. अर्क्सी आणि ओमॅली यांनी 2005 मध्ये ‘स्कोपिंग’ आढाव्याची चौकट आखून दिली. 2009 पर्यंत ग्रांट आणि बूथ यांच्या यादीत आढाव्यांचे 14 प्रकार जमले होते. चौदाच्या चौदा पाठ करायची गरज नाही. एखादा उपाय लागू पडतो का, हा प्रश्न असेल तर सिस्टिमॅटिक, म्हणजे पद्धतशीर आढावा. त्यातल्या चाचण्या एका जातीच्या असतील तरच मेटा-अ‍ॅनालिसिस. विषयात आजवर काय काय झाले, एवढेच पाहायचे तर स्कोपिंग.

मात्र शीर्षकात ‘सिस्टिमॅटिक’ लिहिणार असाल, तर कुठे शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले, काय वगळले आणि का, तेही लिहा. ते जमणार नसेल तर सरळ ‘वर्णनात्मक आढावा’ म्हणा. त्यात काहीच कमीपणा नाही.