शिशाच्या जुन्या, वंगण लावलेल्या ओतीव गोळ्या

शिशाच्या जुन्या, वंगण लावलेल्या ओतीव गोळ्या : वितळलेले शिसे साच्यात ओतून घडवलेल्या आणि बंदुकीच्या नळीतून सुरळीत जाव्यात म्हणून चरबी, मेण किंवा तत्सम स्निग्ध पदार्थ लावलेल्या गोळ्या. संग्रहालयांचे साठे, जुन्या घराण्यांच्या पेट्या, नेमबाजी क्लबांची कपाटे आणि रणभूमींची उत्खनने यांत त्या सापडतात. बहुतेक वेळा त्यांच्यावर धुळीचा चिकट थर असतो आणि त्याखाली करडे, हिरवट किंवा पांढरे किटण. हा थर म्हणजे केवळ मळ नव्हे. त्यात मूळ वंगणाचे अवशेष, शिशाची विषारी संयुगे आणि त्या गोळीच्या साठवणीचा इतिहास एकत्र असतो. म्हणून अशी गोळी हाती येताच घासूनपुसून लख्ख करणे हा तिच्या बाबतीत होऊ शकणारा सर्वांत मोठा अपाय आहे.

घडण : शुद्ध शिसे ३२७.५° से. ला वितळते, त्यामुळे ते चुलीवरही ओतता येते, घनता ११.३४ ग्रॅ. प्रती घ. सेंमी. असल्याने लहान आकारात भरपूर वजन मिळते. शिसे फार मऊ असल्याने पुढे त्यात कथिल व अँटिमनी मिसळू लागले. अमेरिकेत रूढ झालेल्या ‘लायमन क्र. २’ या मिश्रधातूत ९० टक्के शिसे, ५ टक्के कथिल व ५ टक्के अँटिमनी असते. छापखान्यातील लायनोटाइप धातूत अँटिमनी याहून बरेच जास्त असल्याने त्याच्या गोळ्या अधिक कठीण होतात.

वंगण दोन कारणांसाठी लागते. नळीच्या आतील सर्पिल खाचांतून वेगाने जाताना मऊ शिसे घासून तिथेच चिकटते, ते टळावे हे पहिले. काळ्या दारूच्या ज्वलनातून उरणारी काजळी मऊ राहावी, म्हणजे पुढची गोळी नळीत अडणार नाही, हे दुसरे. वंगण गोळीच्या अंगावरील आडव्या खोबणींत भरतात, गोळीवर बाहेरून लावतात किंवा तिला गुंडाळलेल्या कागदाला चोपडतात. वय झालेल्या गोळीचे काय होणार हे बऱ्याच अंशी यावर ठरते.

इतिहास : गोल गोळी ठासताना वंगण लावलेल्या कापडाची चकती वापरण्याची पद्धत जुनी आहे. फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए याने १८४९ च्या सुमारास प्रचारात आणलेल्या, तळाशी पोकळ असलेल्या लांबट गोळीपासून वंगण हा लष्करी पुरवठ्याचा विषय झाला. अमेरिकेत हार्पर्स फेरी येथील शस्त्रागारात जेम्स बर्टन याने तिला सुधारित रूप दिले. तिच्या अंगावर तीन खोबणी असत व त्यांत मेण-चरबीचे मिश्रण भरत. १८६१–६५ च्या अमेरिकी यादवी युद्धातील अशा गोळ्या आजही जमिनीत सापडतात. त्यांच्यावरचा पांढरा थर अस्सलपणाची खूण मानला जातो आणि जाणते संग्राहक तो जपतात.

भारतात या वंगणाला जे महत्त्व आले ते अन्यत्र कुठेही नाही. ब्रिटिश लष्कराने स्वीकारलेल्या एनफिल्ड १८५३ रायफलीच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच व गोळीचे वजन ५३० ग्रेन (सुमारे ३४ ग्रॅ.) होते. गोळी कागदी काडतुसात उलटी बसवलेली असे आणि तिच्या बाजूचे काडतुसाचे टोक वितळलेल्या वंगणात बुडवत. शिपायाने दुसरे टोक दाताने तोडून दारू नळीत ओतायची अशी कवायत होती. नव्या रायफलीचे शिक्षण डमडम, अंबाला व सियालकोट येथे सुरू झाले. काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे, ही वार्ता जानेवारी १८५७ मध्ये डमडमहून पसरली. शिपायांना स्वतःच्या पसंतीचे वंगण वापरण्याची मुभा देण्यात आली, पुढे काडतूस हाताने फाडण्याचीही परवानगी मिळाली. पण विश्वास परत आला नाही. २९ मार्चला बराकपूर येथे मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळातील ८५ स्वारांनी काडतुसे घेण्यास नकार दिला व १० मे रोजी तेथे उठाव झाला. प्रत्यक्षात कोणती चरबी वापरली गेली आणि ती काडतुसे किती शिपायांच्या हाती पोहोचली, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. मेरठच्या स्वारांना दिलेली काडतुसे जुन्या प्रकारचीच होती, असेही मत आहे. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात गेलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी काडतुसांची ही हकीकत आपल्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात नोंदवली आहे.

याच वंगणाची एक तांत्रिक बाजू इतिहासग्रंथांत सहसा येत नाही. गुरांच्या चरबीने साठवणीत शिसे खाल्ले जाते, गोळीवर पापुद्रा येतो आणि ती फुगून नळीत बसेनाशी होते. पुढच्या काडतुसांत चरबी कमी करून मधमाश्यांच्या मेणावर भर देण्यात आला.

१८८० च्या दशकात तांब्यासारख्या कठीण धातूच्या वेष्टनाची गोळी आल्यावर लष्करातून वंगणी शिसे हळूहळू मागे पडले. पॉइंट टू टू लाँग रायफल काडतुसात ते आजही टिकून आहे. या ४० ग्रेन (२.६ ग्रॅ.) वजनाच्या गोळीवर मेणाचा पातळ हात असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते याच प्रकारच्या काडतुसावर.

किटणाचे रसायन : ताजे कापलेले शिसे चकचकीत असते. हवेत त्यावर ऑक्साइडाचा, मग कार्बोनेटाचा करडा थर येतो आणि तो घट्ट असेल तर खालच्या धातूचे रक्षण करतो. हा थर काढणे म्हणजे कवच काढणे होय.

खरा शत्रू कार्बनी अम्ले. ओक व इतर काही लाकडे, प्लायवूडचे सरस, पुठ्ठा आणि काही रंग यांतून ॲसिटिक व फॉर्मिक अम्लांची वाफ सतत निघते. ॲसिटिक अम्लामुळे शिशाचे ॲसिटेट बनते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व ओलावा त्याचे क्षारकीय कार्बोनेट करतात आणि अम्ल मोकळे होऊन पुन्हा नव्या धातूकडे वळते. त्यामुळे थोड्याशा वाफेनेही बंद खणातली गोळी वर्षानुवर्षे खाल्ली जाते. युरोपात हे कार्बोनेट, म्हणजेच सफेदा, तयार करण्याची जुनी रीत हीच होती : शिशाच्या गुंडाळ्या व्हिनेगरच्या भांड्यांत ठेवून ती भांडी शेणखतात काही महिने पुरत. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये अँड्र्यू ऑडी याने १९७३ मध्ये मांडलेल्या चाचणीत कपाटाचे साहित्य व शिशाचा तुकडा ओलसर बंद नळीत ६०° से. ला २८ दिवस ठेवतात. शिसे पांढरे पडले तर ते साहित्य बाद.

वंगणाचा प्रभाव दुहेरी असतो. मेणाचा अखंड थर हवा व वाफ अडवतो. मेणाखालची गोळी शंभर वर्षांनंतरही निळसर-करडी, जवळजवळ नवी निघाल्याची उदाहरणे आहेत. चरबीचे मात्र कालांतराने विघटन होऊन ओलेइक, स्टेअरिक व पामिटिक ही वसाम्ले सुटी होतात व शिशाशी संयोग पावून शिशाचा साबण बनतो. खोबणींतला हिरवट-पिवळसर, मेणचट, ठिसूळ ऐवज तो हाच. मधमाश्यांच्या मेणातही मुक्त अम्ले असतात, पण त्यांची क्रिया फार मंद असते.

धूळ या सर्वात भर घालते. ती ओलावा धरून ठेवते. त्यातील गारेचे कण शिशाहून कितीतरी कठीण असल्याने मऊ वंगणात रुतून बसतात. अशी गोळी नळीतून गेल्यास नळी ओरखडते आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास गोळीच. पावसाळ्यात आर्द्रता चढणाऱ्या कोकणात धुळकट गोळी खुल्या फळीवर ठेवूच नये.

स्वच्छता : आधी छायाचित्र, वजन व मापे घ्यावीत. वंगणाचा सुईच्या टोकाएवढा नमुना काचेच्या कुपीत राखून ठेवावा, कारण चरबी कोणत्या प्राण्याची हे भविष्यात त्यावरूनच कळू शकते. गोळीवरचे दातांचे व्रण, खाचांचे ठसे आणि आपटल्याच्या खुणा हा पुरावा असतो. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न (१८७६) रणभूमीवर १९८३ च्या वणव्यानंतर डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स यांनी गोळ्या आणि काडतुसांच्या कवचांवरून लढाईतील हालचालींचा माग काढला, तो अशा खुणा शाबूत राहिल्यामुळे.

सुटी धूळ मऊ कुंचल्याने सूक्ष्मकण रोखणाऱ्या गाळणीच्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी झाडावी. चिकट धूळ काढायची असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हाइट स्पिरिट घेऊन, बोळा वारंवार बदलत, फक्त वरचा थर टिपावा. खोबणीतले वंगण जागेवर राहू द्यावे. मेण ६२–६४° से. ला वितळते, त्यामुळे कढत पाण्याने मूळ वंगण कायमचे निघून जाते. चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर ही घरातली भांडी उजळणारी द्रव्ये शिशाला सर्वस्वी वर्ज्य. ऊर्ध्वपातित पाण्यातही शिसे विरघळते, म्हणून त्यात ते भिजत ठेवू नये. सुटणारी पांढरी पूड असल्यास काम प्रयोगशाळेकडे सोपवावे. तेथे विद्युत् क्षपणाने किटणाचे पुन्हा धातूत रूपांतर करता येते.

पुन्हा वापर : परदेशी छंदिष्ट धुळकट गोळ्यांचे वंगण व्हाइट स्पिरिटने काढून नवे लावतात, अलॉक्स हे वंगणद्रव्य व मेण यांचे समभाग मिश्रण त्यासाठी प्रसिद्ध आहे. पांढरी पूड आलेली गोळी याला निरुपयोगी.

आरोग्य : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाच्या संपर्काची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, मुलांच्या मेंदूला होणारी हानी भरून येत नाही. धातूपेक्षा किटणाची पूड अधिक घातक, कारण ती श्वासातून व हातातून तोंडात जाते. शिशाचा साबण बोटांना चिकटून राहतो. म्हणून हातमोजे, सूक्ष्मकण रोखणारा मुखवटा व स्वतंत्र कपडे वापरावेत, शेवटी हात साबणाने धुवावेत. पॉलिशकागद, तारेचा ब्रश व कोरडी झाडलोट टाळावी. स्वयंपाकघरात हे काम कदापि करू नये. वापरलेले बोळे बंद डब्यात वेगळे ठेवावेत.

साठवण : लाकडी खणाऐवजी पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, अम्लमुक्त कागद व सिलिका जेल. जुनी लाकडी पेटी ऐतिहासिक असेल तर तीही जपावी, पण गोळ्या तिच्याबाहेर.

कायदा : शस्त्र अधिनियम, १९५९ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, त्यामुळे गोळ्या बाळगताना परवान्याचा प्रश्न उद्भवतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. गोळी काडतुसात बसवलेली आणि दारू शिल्लक असण्याची शंका असेल, तर साफसफाईचा विचारही न करता ती जागच्या जागी सोडून पोलिसांना बोलवावे.