एक ‘ने’, अनेक अर्थ

मराठी व्याकरणात ‘ने’ हा तृतीया विभक्तीचा प्रत्यय म्हणून सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘रामाने फळ कापले’ यात तो कर्ता दाखवतो, तर ‘सुरीने फळ कापले’ यात साधन. ‘ही पिशवी घरी ने’ या वाक्यातील ‘ने’ मात्र क्रियापद आहे. ते संस्कृत ‘नी’ या धातूपासून आले. शेजारच्या गुजरातीत ‘रामने आप्युं’ म्हणजे ‘रामाला दिले’. मराठी कानाला ते ‘रामाने दिले’ असे भासते आणि देणारा व घेणारा यांची चक्क अदलाबदल होते.

भारताबाहेर या उच्चाराचे अर्थ आणखी दूर जातात. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘होय’. ग्रीसची सीमा ओलांडून बल्गेरियात गेले, की ‘ने’चा अर्थ ‘नाही’ असा होतो. सर्बियन आणि चेक भाषांतही तो नकारच आहे. तुर्कीमध्ये ‘ने’ म्हणजे ‘काय’. हंगेरियनमध्ये ‘ने’ निषेध दर्शवतो. ‘नाही’साठी तेथे ‘नेम’ हा निराळा शब्द आहे. आपल्याकडील ‘नको’ आणि ‘नाही’ यांच्यासारखीच ही विभागणी म्हणावी लागेल. जपानीत वाक्याच्या शेवटी येणारा ‘ने’ ऐकणाऱ्याची संमती मागतो, म्हणजेच आपला ‘हो ना?’ मधील ‘ना’. कोरियनमध्ये ‘ने’ म्हणजे ‘होय’. १९८८च्या प्रमाणभाषेच्या नियमांनी ‘ने’ आणि ‘ये’ ही दोन्ही होकारार्थी रूपे मान्य केली.

ग्रीक आणि कोरियन होकारांचे हे साम्य पाहून त्यांचे मूळ एक असावे, असे कोणालाही वाटेल. परंतु प्राचीन ग्रीकमध्ये हा शब्द ‘नाइ’ असा उच्चारला जात असे. पुढे त्या भाषेतील ‘आइ’ या संयुक्त स्वराचा सर्वत्र ‘ए’ झाला आणि ‘नाइ’चा ‘ने’ बनला. म्हणजे आजचे साम्य हा निव्वळ योगायोग आहे.

याउलट स्लाव भाषांतील नकारार्थी ‘ने’ आणि संस्कृत ‘न’ हे खरोखरच एका कुळातील आहेत. फारसी ‘न’ही त्यांचाच भाऊबंद. या नात्याला केवळ एका शब्दाचा आधार नाही. संख्यावाचक शब्द, नात्यांची नावे, क्रियापदांची रूपे अशा शेकडो ठिकाणी या भाषांतील ध्वनी ठराविक नियमाने एकमेकांशी जुळतात. ग्रीकही याच कुळातील. मात्र तिने नकारासाठी वेगळे शब्द स्वीकारले आणि जुना नकार ‘अ’, ‘अन्’ या उपसर्गांत जपला. आपल्या ‘अज्ञान’, ‘अनादर’ या शब्दांतील उपसर्ग तेच होत. तुर्कीची गंमत आणखी वेगळी. तिचा ‘काय’ या अर्थाचा ‘ने’ स्वतःचा आहे, तर ‘हेही नाही, तेही नाही’ असे सांगताना दोनदा येणारा ‘ने’ फारसीतून उसना घेतलेला आहे. एकाच भाषेत, एकाच उच्चाराची ही दोन कुळे.

भाषेतील मूळ ध्वनी बहुधा काही डझनच असतात. त्यामुळे एका व्यंजनाचे आणि एका स्वराचे शब्द जगभर वारंवार जुळणे अपरिहार्य आहे. शब्द जितका लहान, तितकी योगायोगाची शक्यता मोठी. तरीही दोन शब्दांच्या उच्चारातील साम्यावरून अमुक भाषा तमुक भाषेतून निघाली, असे ठामपणे सांगणारे लेख आणि संदेश आपल्यापर्यंत येतच असतात. अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत. त्या शब्दाचे सर्वांत जुने ज्ञात रूप कोणते? आणि तोच ध्वनिनियम त्या दोन भाषांतील इतर शब्दांनाही लागू पडतो का? या दोन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तरच शब्दांचे नाते मानावे; एरवी ते केवळ नामसाधर्म्य समजावे.