बाळंतविड्यातील क्रोशाकाम आणि नाताळची सजावट : देणाऱ्या हातांसाठी माहिती

बाळंतविडा हा आपल्या भाषेतील जुना आणि गोड शब्द. घरात बाळ जन्मले की आप्तेष्ट झबली, टोपडी, दुपटी, पायमोजे असा संच बाळ-बाळंतिणीसाठी घेऊन जातात. त्यालाच बाळंतविडा म्हणतात. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक भगिनी या संचात स्वतःच्या हाताने विणलेली एखादी वस्तू आवर्जून ठेवतात. स्नानसंस्काराच्या पांढऱ्या वस्त्राची नाजूक किनार, वेदीवरील कापडाची जाळी आणि नाताळात गव्हाणीवर टांगलेले शुभ्र तारे हीही याच क्रोशाच्या सुईची देणगी आहे.

भेटीसाठी क्रोशाकाम करू इच्छिणाऱ्या वाचकांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. आरंभीच एक गोष्ट नमूद करतो. विणणारीला नक्षी प्रिय असते. परंतु तान्ह्या बाळाला नक्षी कळत नाही, त्याला सैल धागा मात्र इजा करू शकतो. म्हणून वस्तू कशी असावी हे घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरावे. पुढील सर्व सूचनांमागे हेच सूत्र आहे.

क्रोशाचा थोडक्यात इतिहास

क्रोशा हा शब्द फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा अर्थ लहान आकडा असा होतो. दोन सुयांवरच्या विणकामात अनेक टाके एकाच वेळी सुईवर असतात. क्रोशात बहुधा एकच फास आकड्यावर असतो व एकेक टाका पूर्ण करीत पुढे जावे लागते. क्रोशाच्या छापील सूचना १८२३ साली ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. उपलब्ध छापील सूचनांमध्ये त्या सर्वांत जुन्या समजल्या जातात.

या कलेने पोट भरण्याचे कामही केले आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने नष्ट होऊ लागले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईला बळी पडली. जवळजवळ तितक्याच लोकांनी देश सोडला. त्या काळात कॉर्क परगण्यातील उर्सुलाइन धर्मभगिनींनी स्त्रिया व मुलींना क्रोशाकाम शिकविले. मोनॅहन परगण्यातील क्लोन्स या गावी कॅसॅन्ड्रा हँड या प्रोटेस्टंट पाळकाच्या पत्नीने १८४७ च्या सुमारास असेच काम उभे केले. व्हेनिसच्या सुईकामाच्या लेससारखी दिसणारी ही आयरिश लेस त्या मानाने पुष्कळ लवकर तयार होई. एक आकडा आणि दोऱ्याचे रीळ एवढ्या भांडवलावर अनेक कुटुंबांच्या चुली पेटत्या राहिल्या.

आपल्या देशातही क्रोशाचे मोठे केंद्र आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला नेली. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. या कीर्तीची दुसरी बाजूही आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ साली या कारागीर स्त्रियांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. घरकाम सांभाळून दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या या स्त्रियांचे श्रम ‘फावल्या वेळचे काम’ म्हणून मोजले जात व त्यांना अत्यल्प मोबदला मिळे, हे त्यांनी दाखवून दिले. लेस परदेशात जाई, नफा व्यापाऱ्यांकडे राही.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, यंत्रावरची जाळी क्रोशासारखी दिसत असली, तरी बाजारात मिळणारी खरी क्रोशाची वस्तू हातानेच विणलेली असते. ती फारच स्वस्त मिळाली तर कोणाच्या तरी श्रमांचे मोल कमी झालेले असते. विकत घेताना हे ध्यानात ठेवावे. आणि शेजारणीकडून काम करवून घेतल्यास दोऱ्याबरोबर तिच्या वेळेचेही पैसे द्यावेत.

दोरा, सुई आणि टाके

बाळाच्या कपड्यांसाठी मऊ सुती दोरा उत्तम. कोकणपट्टीच्या दमट हवेत तो घाम टिपतो आणि वारंवार धुता येतो. ॲक्रिलिकची लोकर स्वस्त व रंगीत असते, परंतु घाम टिपत नाही आणि उष्णतेने वितळते. खरी मेंढीची लोकर उबदार खरी. मात्र ती काही बाळांच्या त्वचेला टोचते व गरम पाण्यात आटते. कोणत्याही दोऱ्याची परीक्षा सोपी आहे : तो स्वतःच्या मानेवर घासून पाहावा. आपल्याला टोचला, तर बाळालाही टोचणार.

मध्यम जाडीच्या दोऱ्याला ३ ते ४ मिलिमीटरची सुई लागते. नाताळच्या ताऱ्यांसाठी २० नंबरचा पांढरा सुती दोरा आणि १ ते १.२५ मिलिमीटरची पोलादी सुई घ्यावी.

साखळी, मुका खांब आणि खांब हे तीन टाके आले की पुष्कळ काम होते. साखळीत फासातून दोरा एकदा ओढून घेतात. मुक्या खांबात सुई टाक्यात घालून दोरा ओढतात व सुईवरचे दोन्ही फास एकदम सोडवितात. खांबासाठी आधी सुईवर दोऱ्याचा वेढा घेतात आणि मग दोन-दोन फास सोडवीत जातात.

गोल विणताना एक नियम पाठ असावा. मुक्या खांबाच्या सपाट वर्तुळात पहिल्या फेरीत ६ टाके घ्यावेत व पुढील प्रत्येक फेरीत ६ वाढवावेत. खांबाचे वर्तुळ असल्यास १२ टाक्यांनी आरंभ करून दर फेरीत १२ वाढवावेत. वाढ कमी झाली तर काम वाटीसारखे वळते, जास्त झाली तर त्याला झालर पडते.

टोपडे, मोजे आणि दुपटे

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारणपणे ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. विणकाम ताणले जाते, म्हणून टोपड्याचा घेर ३२ सेंटिमीटर पुरतो. त्यासाठी माथ्याचे वर्तुळ सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचे झाले की वाढ थांबवावी आणि माथ्यापासून एकूण १४ ते १५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत सरळ विणत जावे. मोज्याचा तळ ८ ते ९ सेंटिमीटर लांब असावा. दुपटे ७५ सेंटिमीटर चौरस असले तरी चालते; ९० सेंटिमीटरचे अधिक दिवस उपयोगी पडते.

नवजात बाळाचे कपडे काही आठवड्यांतच आखूड होतात. घरात पहिल्या महिन्यासाठी आधीच पुष्कळ वस्तू आल्या असतील, तर तीन ते सहा महिन्यांच्या मापाची वस्तू द्यावी. ऋतूही पाहावा. डिसेंबरात जन्मलेल्या बाळाला उबदार टोपडे उपयोगी पडेल. मे महिन्यातील बाळाला बिनबाह्यांचे सुती झबले बरे.

बाळाची सुरक्षितता

या भागाकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो.

१. मोजे व हातमोजे यांच्या आतील बाजूस सैल धागा राहू देऊ नये. असा धागा किंवा केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर रक्तपुरवठा थांबून बोटाला गंभीर इजा होऊ शकते. मोजा उलटा करून उजेडात तपासावा. दोऱ्याची टोके पाच-सात सेंटिमीटर आत ओवून पक्की करावीत. बाळ कारण नसताना रडत राहिले, तर आईने मोजे काढून बोटे पाहावीत.

२. दुपट्याची वीण दाट असावी. मोठ्या छिद्रांत बाळाची बोटे अडकतात. सुंदर जाळीचे दुपटे फोटोपुरते ठीक; रोजच्या वापरासाठी ते नको.

३. टोपड्याला गळ्याखाली बांधायच्या लांब दोऱ्या किंवा रिबिनी लावू नयेत.

४. मणी, मोती, टिकल्या व बटणे टाळावीत. विणलेल्या बाहुलीचे डोळे दोऱ्याने भरावेत. प्लॅस्टिकचे डोळे निघून बाळाच्या घशात जाऊ शकतात.

५. झोपलेल्या बाळाजवळ सैल दुपटे, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. घरात झोपताना टोपडेही नको. बाळ डोक्यावाटे उष्णता बाहेर टाकते व टोपड्यामुळे ते अतिरिक्त तापू शकते. अशक्त किंवा कमी वजनाच्या बाळाबाबत डॉक्टरांचा सल्ला पाळावा.

६. कपाटात डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवलेले कपडे बाळाला घालू नयेत. या गोळ्यांतील नॅप्थलीनमुळे जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात व तीव्र कावीळ होऊ शकते. बाळाला अशी कमतरता आहे की नाही, हे घरच्यांना बहुधा ठाऊक नसते. आजीने प्रेमाने जपून ठेवलेल्या कपड्यांबाबत हा धोका अधिक संभवतो.

स्नानसंस्काराचे वस्त्र

स्नानसंस्कारानंतर बाळाला पांढरे वस्त्र दिले जाते. हे वस्त्र कुटुंबाने स्वतः आणावे, अशी इच्छा संस्कारविधीतच व्यक्त केली आहे. म्हणून आजी, मावशी किंवा धर्ममातेने विणलेल्या वस्त्राला येथे हक्काचे स्थान आहे. विधीत छातीवर तैलाभ्यंग होऊ शकते आणि डोक्यावर पाणी ओतले जाते. त्यामुळे गळा पुढून सहज उघडणारा असावा व टोपडे चटकन काढता यावे. संपूर्ण झगा क्रोशाचा करण्यापेक्षा मलमलीच्या झग्याला गळ्याभोवती व घेराला क्रोशाची किनार लावावी. तो हलका होतो, बाळाला उकडत नाही आणि काम महिनाभर आधी पूर्ण होते.

वस्त्र पुढच्या पिढीसाठी ठेवायचे असल्यास सौम्य साबणाने धुऊन, खळ न घालता, पूर्ण वाळवावे. दोरीवर टांगल्यास ओल्या क्रोशाचा आकार बिघडतो, म्हणून ते पसरून वाळवावे आणि धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवावे.

रुग्णालयातील बाळांसाठी

कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देण्याच्या पद्धतीस कांगारू मदर केअर म्हणतात. यात बाळाच्या अंगावर टोपडे, मोजे व लंगोट एवढेच असते. म्हणजे अगदी लहान मापाचे टोपडे व मोजे येथे खरोखर कामास येतात. २०१३ साली डेन्मार्कमध्ये अकाली जन्मलेल्या बाळांसाठी क्रोशाचे छोटे ऑक्टोपस विणण्याचा उपक्रम सुरू झाला व तो अनेक देशांत पसरला. बाळ त्याचे पाय धरून ठेवते व नळ्या ओढत नाही, असे सांगितले जाते; मात्र याचा भक्कम शास्त्रीय पुरावा अद्याप नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, आधी विणून मग रुग्णालय शोधू नये. प्रथम नवजात विभागातील परिचारिकेला विचारावे : काय हवे, कोणत्या मापाचे, कोणत्या दोऱ्याचे, किती गरम पाण्यात धुता येणारे? उत्तर ‘काहीच नको’ असे आले, तर तेही मानावे. प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात यापो येथील टबीथेची कथा आहे. तिच्या मृत्यूनंतर विधवा स्त्रियांनी पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखविली. ती वस्त्रे गरजवंतांच्या उपयोगासाठी शिवलेली होती.

नाताळची सजावट

सहा टोकांचा लहान तारा नवशिक्यांनाही एका बैठकीत जमतो. सहा साखळ्या घालून त्यांचे कडे जोडावे. पहिली फेरी : तीन साखळ्या (हा पहिला खांब धरावा) व कड्यात ११ खांब, एकूण १२, फेरी जोडावी. दुसरी फेरी : एका खांबावर मुका खांब, पुढील खांबावर दोन खांब, तीन साखळ्या, दोन खांब, असे सहा वेळा करून फेरी जोडावी. एका टोकाला २० साखळ्यांचा फास टांगण्यासाठी ठेवावा.

तारा ताठ राहण्यासाठी पांढरा गोंद व पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भिजवावा, अलगद पिळावा आणि प्लॅस्टिक पसरलेल्या पुठ्ठ्यावर न गंजणाऱ्या टाचण्यांनी सहाही टोके ओढून टाचावा. पूर्ण वाळल्यावरच काढावा. साखरेच्या पाकाची जुनी पद्धतही आहे, पण आपल्याकडे मुंग्या लागतात. हे तारे मेणबत्ती व तापणाऱ्या दिव्यांपासून दूर आणि रांगत्या बाळाच्या हाताला न लागतील असे टांगावेत.

आगमनकाळ नाताळपूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. भेटीसाठी दहा-बारा तारे करावयाचे असतील, तर गणेशोत्सवाच्या सुटीतच आरंभ करावा. शेवटच्या आठवड्यातील घाईत टोके पक्की करायची राहून जातात.

भेट देताना

वस्तू आधी धुऊन द्यावी. सोबत चिठ्ठीवर दोरा कोणता व धुण्याची पद्धत काय, हे लिहावे. बाळंतीण आधीच थकलेली असते. ‘मी दिलेले टोपडे बाळाला घातले का?’ असे तिला पुन्हा पुन्हा विचारू नये. वस्तू वापरून विटली, विरली, धाकट्या भावंडाकडे किंवा शेजारच्या बाळाकडे गेली, तर त्यात आनंदच मानावा. ज्या भगिनींना क्रोशा येत नाही, त्यांनी आपल्या धर्मग्रामातील एखाद्या आजीकडे जाऊन बसावे. तिलाही सोबत हवी असते, आणि साखळी घालायला शिकण्यास एक दुपार पुरते.