धर्मशिक्षणाचा तास

आमच्या वसईत बऱ्याच ठिकाणी शाळा आणि चर्च एकाच आवारात असतात. बाहेरच्यांना वाटतं, इथल्या पोरांना धर्म आयताच मिळतो, सकाळच्या घंटेबरोबर. तसं काही नाही. कॅथलिक श्रद्धा पोरांच्या मनात रुजवायचं काम इथं चारशे वर्षांवर चाललंय आणि त्यातली अडचण फिरून फिरून तीच येते. शिकवायचं कुठल्या भाषेत?

1534 साली वसई पोर्तुगिजांकडे गेली. मग किल्ल्यात चर्चेस आली, जेज्वीट फादर आले. गोन्सालो गार्सिया हा वसईचाच पोरगा. फादरांच्या हाताखाली शिकला आणि पुढं जपानला गेला. 1597 साली नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं आणि 1862 साली पोपनं त्याला संत केलं. आम्हाला शाळेत त्याची गोष्ट सांगायचे ती भाल्यांची आणि रक्ताची. मला मात्र लक्षात राहिलं ते वेगळंच. तो जपानी इतकं चांगलं शिकला होता की दुभाष्या म्हणून काम करायचा. वसईचा माणूस दुसऱ्याच्या भाषेत देव सांगायला शिकला, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते.

याच्या उलटं काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केलं. इंग्लंडचा माणूस, 1579 साली गोव्यात आला आणि मराठीत ओव्या रचायला लागला. त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ते सुरू कसं होतं बघा. पोरांना धर्मशिक्षण चाललेलं असतं आणि एक जण उठून पाद्रींना विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं का देत नाही? म्हणजे एवढा मोठा ग्रंथ धर्मशिक्षणाच्या तासाला विचारलेल्या प्रश्नातून निघाला. आमच्या तासाला असा प्रश्न कुणी विचारला असता तर बाकावर उभं केलं असतं.

1739 साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला. कसा राहिला यावर विद्वान लोक लिहितील. मी शेतकरी माणूस, मला वाटतं तो घरात राहिला. संध्याकाळी दिवा लागला की आजी जपमाळ घेऊन बसायची आणि सगळ्यांनी बसायचं, वाडीतून चिखलाच्या पायांनी आलेल्या गड्यानंसुद्धा. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये. आजी लॅटिन उत्तरं धडाधड द्यायची, अर्थ विचारला तर म्हणायची, “देवाला कळतंय ना?” व्हॅटिकनची महासभा 1962 ते 1965 चालली, त्यानंतर मिस्सा मराठीत आली. काही म्हातारे कुरकुरले. रोजच्या बोलीच्या भाषेत देवाशी बोलायचं म्हणजे त्यांना उघडं पडल्यासारखं वाटायचं.

आमची शाळा मराठी माध्यमाची. मी दहावी झालो 1975 ला, नव्या पद्धतीची पहिलीच बॅच. आठवड्यातून दोनदा धर्मशिक्षणाचा तास असायचा. आम्ही एका वर्गात, आणि हिंदू पोरं शेजारच्या वर्गात नीतिशिक्षणाला. सरकारी अनुदानाच्या शाळेत कुणाला संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही आणि मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते, हे घटनेच्या 28व्या कलमात आहे. तेव्हा आम्हाला कलम कुठलं माहीत? आम्हाला एवढंच दिसायचं की शेजारच्या वर्गात गोष्टी चालल्यात आणि आमच्याकडे पाठांतर. दहा आज्ञा, सात संस्कार, प्रश्न आणि उत्तर. सोमवारी सिस्टर हजेरी घ्यायच्या, रविवारी मिस्साला कोण नव्हतं? पानवेलीला पाणी द्यायला थांबलेली पोरं मान खाली घालायची.

पाठ केलेलं निम्मं गेलं. जे राहिलं ते तासाबाहेरचं. उपवासकाळात दर शुक्रवारी प्रत्येकानं घरून मूठभर तांदूळ आणायचे, ते एका गोणीत जमायचे आणि डोंगराकडच्या वारली पाड्यावर जायचे. त्या पाड्यावरचा एक पोरगा आमच्याच वर्गात होता. ख्रिस्ती नव्हता, नीतिशिक्षणाला बसायचा. तोही मूठ आणायचा. आम्ही हसलो तेव्हा सिस्टरांनी काही भाषण दिलं नाही, त्याची मूठ सगळ्यांच्या आधी गोणीत टाकायला लावली. दानाबद्दल मला जे काही कळलंय ते तिथलं.

1980च्या दशकाच्या शेवटी वसईच्या विहिरींचं पाणी टँकरनं बाहेर जायला लागलं, हिरवा पट्टा बिल्डरांच्या नकाशावर आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत पुढं उभे राहिले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, नंतर 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते. फादरांनी देव सोडून पाण्याच्या भानगडीत का पडावं, असं आपल्यातलेच काही जण म्हणायचे. माझ्या वाडीची विहीर मचूळ व्हायला लागली होती, मला तो प्रश्न पडला नाही. तरुण पोरं मोर्च्याला गेली ती सात संस्कार पाठ होते म्हणून गेली नाहीत. शेजाऱ्याचं पाणी चोरू नये, हे त्यांना त्यांच्याच भाषेत समजलं होतं.

आता शाळा इंग्रजी झाल्या. मराठी वर्ग ओस पडत चाललेत, आणि त्याला फादर-सिस्टरांपेक्षा आम्ही पालक जास्त जबाबदार आहोत. धर्मशिक्षण रविवारी मिस्सानंतर होतं. शिकवणाऱ्या बाया मनापासून शिकवतात, चित्रं काढून घेतात, नाटुकली बसवतात, पाठांतराचा जाच राहिला नाही. माझ्या नातीला बायबलच्या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त येतात. पण सगळं इंग्रजीत. मे महिन्यात वाडीच्या क्रुसाजवळ जपमाळ होते तेव्हा म्हातारी माणसं मराठीत सुरू करतात आणि पोरं ओठ हलवत उभी राहतात. घरी आजी आजारी पडली तर नात तिच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणणार कशी? कॉलेजात मन डळमळतं, कॅनडाला गेल्यावर एकटं वाटतं, तेव्हा माणसाच्या तोंडी येते ती घरात ऐकलेली प्रार्थना. ती घरात दोघांना कळणाऱ्या भाषेत नसेल तर येणार कुठून?

यंदा आमच्या वाडीत यावर चांगलीच बोलाचाली झाली. कुणी म्हणालं, पोरांसाठी इंग्रजीत करा, कुणी म्हणालं, मग आम्ही येत नाही. शेवटी कॉलेजातल्या दोन मुलींनी मराठी जपमाळ मोबाइलवर टाकली, पण इंग्रजी अक्षरांत, कारण धाकट्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. एक म्हातारबुवा भडकले, ही काय मराठी म्हणायची? मी त्यांना सांगितलं, स्टीफन्स फादरांचं पुराणही पहिल्यांदा रोमन अक्षरांतच छापलं होतं, तेव्हा देवनागरी खिळे नव्हते. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले आणि पोरांच्या मागे उभे राहिले.