पट्टा करवतीची कुळकथा

पट्टा करवत, कारखान्याच्या बोलीत बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून अखंड फिरणारे पोलादी पाते. लांब पट्टीच्या एका काठाला दाते पाडायचे, तिची दोन टोके जोडायची, ते वेटोळे चाकांवर ताणून बसवायचे आणि चाके फिरवायची. हातकरवतीची एक फेरी कापते आणि दुसरी रिकामी जाते. इथे प्रत्येक दात एकाच दिशेने जातो आणि कापतच जातो. कल्पना इतकी सरळ आहे की ती लवकर सुचली. अमलात यायला मात्र जवळजवळ अर्धे शतक गेले.

लंडनच्या विल्यम न्यूबेरी याने अशा करवतीचे पेटंट १८०८-०९ च्या सुमारास घेतले. अमेरिकेत मेन राज्यातल्या एल्सवर्थ गावच्या बेंजामिन बार्करला १८३६ मध्ये पेटंट मिळाले. दोघांचीही यंत्रे चालली नाहीत आणि याचे कारण पात्यात होते. चाकावर चढताना पाते वाकते, उतरताना सरळ होते आणि दुसऱ्या चाकावर पुन्हा वाकते. आजच्या चौदा इंची चाकांच्या बँडसॉचे पाते सुमारे २.४ मीटर लांब असते. लाकडासाठी ते मिनिटाला ९०० मीटर वेगाने पळते, म्हणजे मिनिटाला सुमारे ३७५ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत दोन वाकणी. तासाभरात पात्याचा प्रत्येक भाग पंचेचाळीस हजार वेळा वाकतो. न्यूबेरीच्या काळच्या पोलादाला हे सोसवत नव्हते आणि जोडलेल्या सांध्याला तर मुळीच नाही. सांधा कडक राहिला तर तडकायचा, मऊ राहिला तर ताणात उकलायचा.

ही अडचण सोडवली आन पोलँ क्रेपँ या फ्रेंच स्त्रीने. पात्याची टोके भक्कम जोडण्याची रीत तिने १८४६ साली पेटंट केली आणि पुढे ते हक्क पॅरिसच्या पेरँ या यंत्रकर्त्याला विकले. पेरँने त्या सांध्याला चांगल्या पोलादाची आणि पाणी पाजण्याच्या सुधारलेल्या पद्धतींची जोड दिली. अशा रीतीने चालणारे पहिले पाते तयार झाले. पट्टा करवतीच्या इतिहासात यंत्रकर्त्याचे नाव ठळक छापले जाते. खरे तर हे यंत्र ज्या एका गोष्टीवाचून अडले होते ती क्रेपँने दिली आणि तिचे नाव आधी यायला हवे.

सांधा टिकल्यावरही पाते चाकावरून सरकू नये याची सोय लागते. चाकाची धाव मध्ये किंचित फुगीर ठेवली की ताणलेला पट्टा आपोआप उंच भागाकडे चढतो आणि तिथेच राहतो. धावेवर चामड्याचे किंवा रबराचे आवरण घातले की दात्यांची धार वाचते. या दोन युक्त्या आजच्या यंत्रातही तशाच आहेत.

सुरुवातीला ही करवत वळणदार कामाची होती. खुर्च्यांच्या पाठी, गाडीच्या चाकांच्या पाट्या, जहाजांचे वाकडे लाकूड अशा कामात अरुंद पाते हवे तसे वळवता येई. ओंडके चिरण्याचे काम गोल करवतीकडे होते. ते पट्टा करवतीकडे आले वाया जाणाऱ्या लाकडामुळे. मोठी गोल करवत ताठ राहावी म्हणून जाड करावी लागे आणि एका चिरेत सहा-सात मिलिमीटर लाकडाचा भुसा होई. ताणलेले रुंद पाते तीन-साडेतीन मिलिमीटरमध्ये काम उरकते. पंचवीस मिलिमीटरच्या दहा फळ्या काढल्या की वाचलेल्या भुशातून अकरावी फळी निघते. इंडियानातल्या फोर्ट वेनचा जेकब हॉफमन १८६० च्या दशकाच्या अखेरीस अशा मोठ्या करवतीच्या मागे लागला. १८८० च्या दशकात मिलवॉकीच्या ॲलिस कारखान्याने ती आरागिरण्यांसाठी बांधली. महाराष्ट्रातल्या आरागिरण्यांमध्ये ट्रॉलीवरचा ओंडका ज्या उंच करवतीसमोर ढकलला जातो, ती याच घराण्यातली.

धातूकडे जाणारी वाट वेगळी आणि बरीच संथ. पोलाद कापताना दात तापतो आणि तापला की त्याचे पाणी उतरते. म्हणून लाकडाला मिनिटाला ९०० मीटर, तर साध्या पोलादाला तीसच्या आसपास वेग लागतो, म्हणजे तीस पटींचा फरक. कारखान्यांत लोखंडी सळ्या मागेपुढे चालणाऱ्या पॉवर हॅकसॉवर कापल्या जात आणि पट्टा करवत मागेच राहिली होती. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या लेटन विल्की याने तिला धातूकामात मानाची जागा दिली. त्याच्या डूऑल यंत्राच्या अंगावरच पाते जोडण्याचे विजेचे वेल्डर होते. साच्याच्या मधोमध भोक पाडायचे, पाते तोडून त्यातून ओवायचे, तिथल्या तिथे जोडायचे, सांधा घासून सपाट करायचा आणि आतला आकार आतूनच कापून काढायचा. काम झाले की पाते पुन्हा तोडून बाहेर काढायचे. ज्या सांध्यापायी यंत्र अडले होते, तो आता कामगार काही मिनिटांत स्वतः घालू लागला. साचे आणि डाय बनवणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय होती. पुढे १९६० च्या दशकात लवचीक पाठीवर हायस्पीड स्टीलची दातेरी कड वेल्ड केलेली बायमेटल पाती आली. कठीण दात आणि वाकणारी पाठ या दोन गरजा त्यांनी वेगवेगळ्या पोलादांवर सोपवल्या.

दरम्यान मिलवॉकीच्याच डेल्टा कंपनीने १९३० च्या दशकात चौदा इंची चाकांचा, बिडाच्या सांगाड्याचा छोटा बँडसॉ बाजारात आणला. त्याच घाटाची यंत्रे पुढे तैवानसकट अनेक देशांत बनली. लाकूड आणि धातू दोन्हींसाठी वेग उतरवणारी गिअरपेटी लावलेला नमुनाही डेल्टाने काढला. आजही कोणत्याही सामायिक कार्यशाळेत पहिला प्रश्न याच नमुन्याभोवती फिरतो: एका यंत्रात दोन्ही कामे भागतील का?

अशा कार्यशाळा गेल्या पंचवीस वर्षांत वाढल्या. पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये सुरू झालेली फॅबलॅब अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅबलॅबपैकी आहे. कॅलिफोर्नियातले टेकशॉप २००६ मध्ये उघडले. जिथे अनेक हात एकाच यंत्रावर काम करतात, तिथे प्रश्न पैशांचा तर असतोच, पण शिस्तीचाही असतो.

पहिली अडचण वेगाची आहे. चौदा इंची चाकाचा परीघ सुमारे १.१ मीटर असतो. लाकडासाठी ते मिनिटाला आठशे फेरे घेते आणि पोलादासाठी सत्तावीस पुरतात. १४४० फेऱ्यांच्या मोटरवरून सत्तावीसवर यायला नुसता पट्टा दुसऱ्या पुलीवर टाकून भागत नाही. मधे गिअरपेटी किंवा पुल्यांची दुसरी जोडी लागते. विजेची वारंवारता बदलून मोटरच मंद करू म्हटले तर पन्नास हर्ट्झवरून दोनच्याही खाली जावे लागते. तिथे मोटर दमते आणि तिचा स्वतःचा पंखाही तिला थंड ठेवू शकत नाही. ॲल्युमिनियमचा वेग लाकडाला बराच जवळचा असल्याने थोडे कमीजास्त करून ते चालते. पोलाद चालत नाही.

दुसरी अडचण कचऱ्याची आहे. लोखंडाचा कीस चाकाच्या रबरात रुततो आणि टॅनिन असलेल्या लाकडावर काळे डाग पाडतो. भुसा साचलेल्या पेटीत तापलेला कीस पडला तर धुमसत राहतो आणि तासाभराने, कार्यशाळा बंद झाल्यावर, पेट घेऊ शकतो. एकाच यंत्रावर दोन्ही कामे करायची तर मधे पेटी, चाके आणि धूळनळी साफ करावी लागतात. एकटा कारागीर ते करतो. वीस जणांच्या कार्यशाळेत ते सुटण्याचीच शक्यता अधिक.

पात्याचेही तसेच. कापल्या जाणाऱ्या जाडीत एका वेळी किमान तीन दाते असावेत हा जुना नियम. तीन मिलिमीटर जाड भिंतीच्या नळीला इंचाला सुमारे २४ दाते लागतात. दीडशे मिलिमीटरच्या सागवानाला तीनच पुरतात, कारण दात्यांच्या खाचेत भुसा मावला पाहिजे. चुकीचे पाते घातले तर नळीच्या काठात अडकून एकापाठोपाठ दाते उडतात.

म्हणून जागा आणि पैसे असतील तर दोन यंत्रे घ्यावीत: लाकडासाठी उभा चौदा इंची आणि धातूसाठी छोटा आडवा बँडसॉ. आडव्याची किंमत कमी असते. त्याची मान स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि काप पूर्ण झाला की बटण आपोआप बंद होते. बहुतेक आडवी यंत्रे उभी करून छोटे टेबल लावता येते, त्यामुळे पत्र्याची वळणेही निघतात. एकच यंत्र परवडत असेल आणि पोलाद रोज कापायचे नसेल, तर ते लाकडाचे घ्यावे. पोलादासाठी हॅकसॉ किंवा शेजारचा कारखाना बरा. पाती जवळ जोडून मिळतात की बाहेरून मागवावी लागतात, हेही खरेदीआधी पाहावे. पाते तुटते ते बहुधा सांध्याजवळच, आणि शेजारी वेल्डर असेल तर यंत्र त्याच दिवशी पुन्हा सुरू होते.