पानिपतचें स्मरण : दोन साक्षी

आमच्या शेंद्र्याच्या पूर्वेकडे परतूर आहे. इ. स. १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊंनीं तेथूनच उत्तरेची वाट धरिली. त्या मोहिमेवर बखरी पुष्कळ आहेत. परंतु स्वतः पाहून लिहिणारे थोडेच. शुजाउद्दौल्याच्या पदरीं असलेल्या काशिराज पंडितानें सुमारें १७८० त फारशींत हकीकत लिहिली. तींत तहाचीं बोलणीं व सैन्याची मांडणी सविस्तर आहे. मध्यें वीस वर्षें लोटल्यामुळें तींतील आंकडे मात्र समकालीन पत्रांशीं ताडूनच घ्यावे.

नाना फडणिसांच्या आत्मचरित्राची गोष्ट निराळी. १४ जानेवारी १७६१ रोजीं त्यांस एकोणीस वर्षेंही पुरतीं झालीं नव्हतीं. व्यूहापेक्षां वेष पालटून केलेलें पलायन व मातोश्रींचा वियोग हेंच त्यांत मनांत ठसतें. स्वतःच्या तारुण्यांतील चित्तविकारही त्यांनीं झांकिले नाहींत. लढाई कशी झाली हें काशिराज सांगतो. ती जगलेल्या माणसाचें काय झालें, हें नाना सांगतात. इतिहासास दोन्ही साक्षी हव्यात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती कीं, दप्तरांतील आत्मनिवेदनाचे सुटे कागद केवळ घरगुती समजून बाजूस टाकूं नयेत.